मिस्त्रींची दहा वाक्यं

अर्धांगाचा झटका येऊन अकरा दिवस झाले, तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा बोलले. तोवर नुसतं "अं" आणि "ऊं" चाललं होतं. काकू हॉस्पिटलच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून चोळत होत्या, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी. मिस्त्रींनी डोळे उघडले, काकूंकडे नीट निरखून पाहिलं, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "या, बसा! काय बनवायचंय आपल्याला?"

काकूंनी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. एक भिंत होती आणि भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं.

"अहो, मी आहे मी," काकू म्हणाल्या.

"काही हरकत नाही," मिस्त्री म्हणाले.

आता काकू कोण, तर मिस्त्रींची बायको. सुतारखान्यात येणारा-जाणारा जो तो त्यांना काकू म्हणायचा, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला पोस्टमनसुद्धा. मिस्त्रींना सगळे मिस्त्री म्हणायचे. काकू तेवढ्या "अहो" म्हणायच्या, लग्न झाल्यापासून, म्हणजे चांगली चौतीस वर्षं. आणि मिस्त्री काकूंना काय म्हणायचे? हे आधी सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला. मिस्त्री काकूंना "ए" म्हणायचे. "अगं ए" म्हणायचे. फारच लाडात आले की "ए कटकट" म्हणायचे. चौतीस वर्षांत त्यांनी काकूंना एकदाही धड नावानं हाक मारली नव्हती, आणि काकूंनी चौतीस वर्षं बहिणीपाशी, लेकीपाशी, शेजारणीपाशी त्याबद्दल तक्रार केली होती. "माणसासारखी हाक म्हणून मारत नाहीत मेली," असं त्या म्हणायच्या आणि हाक आली की हातातलं काम टाकून धावायच्या.

तसं मिस्त्रींचं तोंड सगळ्यांशीच तिखट. रागावून नव्हे हो, सवयच तशी. काम करताना ओठांत दोन-तीन खिळे धरलेले असायचे आणि त्या खिळ्यांच्या फटीतून बोलणं चालायचं. सुतारखान्याच्या मधोमध प्लायवुडचं पार्टिशन होतं. पुढे काउंटर, गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आणि नमुन्याचं एक कपाट. मागे करवती, रंधे, गुडघाभर भुसा आणि डावखुऱ्या. डावखुऱ्या म्हणजे त्यांचा कारागीर, चांगला चाळिशीला टेकलेला बाप्या, दोन मुलींचा बाप. मिस्त्री पार्टिशनच्या पुढे आले की खिळे खिशात जायचे आणि जिभेवर साखर यायची. "या, बसा. आपण कुठून आलात?" तेच मागे गेले की खिळे पुन्हा तोंडात. "अरे गाढवा, हा सांधा आहे का खिंडार? ह्यातून बैलगाडी जाईल!" डावखुऱ्या अठरा वर्षं हे ऐकत होता, आणि ज्या दिवशी शिवी पडायची नाही त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगायचा, "मिस्त्रींना बरं नाही वाटतं."

आणि आता खरंच बरं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं. डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, म्हणून उजवा हात आणि पाय अधू झालाय आणि भाषेचा भाग दुखावलाय. याला वाचाघात म्हणतात. त्यांना समजतं सगळं, पण बोलायला गेलं की शब्द हाताशी येत नाहीत. हळूहळू सुधारेल, धीर धरा.

धीर धरायला काकूंची ना नव्हती. पण जे काही हाताशी आलं होतं, ते हे असं! घरी आणल्यावर दोन दिवसांत काकूंनी सगळा हिशेब लावला. मिस्त्रींकडे एकूण दहा वाक्यं उरली होती आणि दहाच्या दहा काउंटरवरची. या, बसा. आपण कुठून आलात. काय बनवायचंय आपल्याला. माप आणलंय का. नाव काय लिहू. लाकूड सुकलेलं आहे, हात लावून बघा. आपलंच दुकान समजा. काळजी करू नका, होऊन जाईल. काही हरकत नाही. आणि शेवटचं, चार दिवसांनी या. बाकी पार्टिशनच्या मागची सगळी भाषा, खिळ्यांसकट, साफ पुसली गेली होती.

या दहा वाक्यांवर मिस्त्रींचा संसार सुरू झाला. नर्स ताप बघायला आली की, "माप आणलंय का?" व्यायाम करून घेणारा तगडा मुलगा त्यांचा अधू पाय उचलायला वाकला की, "लाकूड सुकलेलं आहे, हात लावून बघा." तो बिचारा हसून हसून पाय खाली ठेवायचा. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, आज कुठला वार? मिस्त्रींनी त्यांच्या खांद्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, "काळजी करू नका, होऊन जाईल." डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं, पण जाताना त्यांचा चेहरा खुलला होता. शेजारचं मांजर खिडकीतून आत आलं, तर "या, बसा." मांजर बसलंदेखील. पूर्वी त्याच मांजराला मिस्त्रींनी लाकडाचा ठोकळा फेकून मारला होता.

सगळ्यात कहर केला काकूंच्या भावानं. या मेहुण्याचं आणि मिस्त्रींचं गेली वीस वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तो आजारी माणसाला बघायला म्हणून घाबरत घाबरत आला आणि दारातच थबकला. मिस्त्री खुर्चीतून म्हणाले, "या, बसा! आपलंच दुकान समजा!" मेहुण्याच्या डोळ्यांना धार लागली. "ताई, भाऊजींनी माफ केलं गं मला!" जेवला, पोटभर रडला आणि जाताना सुतारखान्यातून एक नवंकोरं स्टूल उचलून घेऊन गेला. काकूंनी दुसऱ्या दिवशी फोन करून झापला तेव्हा म्हणतो, "भाऊजींनीच सांगितलं, आपलंच समजा." अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं?

महिनाभरानं डॉक्टर म्हणाले, त्यांना ओळखीच्या जागी बसवा, कामाच्या ठिकाणी न्या. काकूंनी काउंटरमागे हातांची खुर्ची टाकली, काठी बाजूला टेकवली आणि मिस्त्रींना बसवलं. झालं! मिस्त्रींना काही झालंय हे गिऱ्हाइकांना कळेचना. गिऱ्हाईक आलं की या, बसा. आपण कुठून आलात. काय बनवायचंय. माप आणलंय का. नाव काय लिहू. चार दिवसांनी या. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. फक्त त्याला काय हवंय, पलंग का पाट, हे कुठंच लिहिलेलं नसायचं. मग डावखुऱ्या हातातली करवत टाकून गल्लीच्या टोकापर्यंत धावत जायचा आणि धापा टाकत विचारायचा, "साहेब, तुम्ही काय सांगितलंत ते जरा मला सांगता?" वर हे लोक चौथ्या दिवशी खरोखर हजर व्हायचे. मिस्त्रींनी चार दिवस सांगून चाळीस दिवसांच्या आत जन्मात काही दिलं नव्हतं, आणि जुन्या गिऱ्हाइकांना ते पाठ होतं. नव्यांना कोण सांगणार? डावखुऱ्याचं पंधरा दिवसांत चार किलो वजन उतरलं.

गल्लीत जो तो काकूंना गाठून सांगायचा, "काय गोड बोलतात हो मिस्त्री आता! तुमचं तर नशीबच उघडलं." काकू हसायच्या आणि मनातून जळायच्या. नशीब कसलं उघडलंय? त्यांना कुणाला सांगताही येत नव्हतं की आपल्याला काय होतंय. नवरा वाचला, हिंडतो-फिरतो, शहाण्यासारखा बोलतो, आणि ही बाई काय म्हणून रडते? लोक म्हणाले असते, हिला सुख बोचतंय.

पण बोचत होतं, हे खरं. सकाळी काकू चहा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आणि मिस्त्री खुर्चीतून अदबीनं विचारायचे, "आपण कुठून आलात?"

"स्वयंपाकघरातून," काकू म्हणायच्या.

"नाव काय लिहू?"

पहिल्या दिवशी काकूंना हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हसत हसत नाव सांगितलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. मिस्त्रींनी डाव्या हातानं हवेत लिहिल्यासारखं केलं, मान डोलावली आणि म्हणाले, "चार दिवसांनी या." काकू आत गेल्या, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. त्या दिवसापासून ती एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात घर करून बसली. हे मला ओळखतात का? की मी पण एक गिऱ्हाईकच? दारातून येणाऱ्या कुणालाही जे मिळतं तेच मला. मांजराला मिळतं तेच मला. मग माझं म्हणून काय उरलं?

आठवड्यातून दोनदा बोलण्याचा व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. तिशीच्या आतली, चष्मेवाली, भयंकर चिकाटीची. काकूंनी तिचं नाव वाचाबाई ठेवलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं. ती चित्रांचे पत्ते मांडायची, गाण्याच्या चालीवर वाक्यं म्हणून घ्यायची, टाळ्या वाजवायची. एकदा काकूंनी तिला कोपऱ्यात घेतलं.

"हे बघ, मला ते कप-बशी, टेबल-खुर्ची काही नको. तू त्यांना फक्त 'ए' म्हणायला शिकव."

"ए?"

"ए. एवढंच. एक अक्षर आहे. पुढचं 'कटकट' नाही आलं तरी चालेल, ते मी समजून घेईन."

वाचाबाईनं लगेच सराव घेतला. "काका, माझ्यामागे म्हणा. अ, आ, इ." मिस्त्री म्हणाले, अ, आ, इ. "ए, ऐ, ओ." मिस्त्री म्हणाले, ए, ऐ, ओ. अगदी स्वच्छ. वाचाबाईनं विजयी मुद्रेनं काकूंकडे पाहिलं.

"हा तो नव्हे," काकू म्हणाल्या. "हा बाराखडीतला आहे. मला हाकेतला पाहिजे."

मग वाचाबाईनं समजावलं. रोज शंभर वेळा म्हटलेली वाक्यं मेंदूत अख्खीच्या अख्खी बसलेली असतात. ती जोडावी लागत नाहीत, आपोआप बाहेर पडतात. स्वतःच्या मनातलं नवं काही बोलायचं तर शब्दाला शब्द जोडावा लागतो, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

"अगं मग 'ए कटकट' पण त्यांनी रोज शंभर वेळाच म्हटलंय की! हजार वेळा म्हटलं असेल. ते कसं नाही बसलं?"

 खोटं बोलायची वाचाबाईला सवय नव्हती. "काकू, मेंदू काय ठेवतो आणि काय टाकतो, ते आम्हालाही सांगता येत नाही."

म्हणजे गिऱ्हाइकं ठेवली आणि मला टाकलं, काकूंच्या मनात आलं. त्यांचा चेहरा बघून वाचाबाईनं घाईघाईनं टेबलावर तीन चित्रं मांडली. "थांबा, आत्ता दाखवते. काका, यातली आपली बायको कुठली?" मिस्त्रींनी एका क्षणात काकूंच्या फोटोवर बोट ठेवलं. "बघा! ओळखतात ना?"

काकूंनी पाहिलं. एक घोडा होता, एक किटली होती आणि त्या होत्या. "त्यात बायको कोण हे शेजारच्या मांजरानंही सांगितलं असतं," त्या म्हणाल्या.

निघता निघता वाचाबाई एक गोष्ट बोलून गेली आणि तिथे चुकली. म्हणाली, कधी कधी एकदम राग आला, दचकायला झालं, की आत अडकलेलं काहीतरी सटकन बाहेर येतं. तिच्या एका पेशंटला वर्षभर शब्द फुटला नव्हता. मग पायावर कुकर पडला आणि अख्खं वाक्य आलं, फक्त ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

काकूंचे डोळे चमकले. "कुकर किती मोठा होता?"

"काकू! मी उपाय म्हणून नाही सांगितलं हो!"

पण काकूंचं ठरलं होतं. मिस्त्रींना राग आणायचा. असा राग, की पार्टिशनच्या मागचा मिस्त्री खिळे थुंकत बाहेर आला पाहिजे. चौतीस वर्षं हा माणूस पावलोपावली चिडायचा, त्याला चिडवणं म्हणजे काय मोठं काम? सोमवारी काकूंनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मिस्त्रींनी एक घोट घेतला, तोंड वाकडं झालं, डोळे बारीक झाले. काकू श्वास रोखून उभ्या. "काही हरकत नाही," मिस्त्री म्हणाले आणि कप बाजूला सारला. मंगळवारी ऐन बातम्यांच्या वेळी रेडिओ बंद केला. "काळजी करू नका, होऊन जाईल." बुधवारी त्यांचा चष्मा पिठाच्या डब्यात लपवला. मिस्त्रींनी तासभर शोधला, शेवटी काकूंकडे बघून म्हणाले, "चार दिवसांनी या," आणि डोळे मिटून पडून राहिले. गुरुवारी भावाला जेवायला बोलावलं. त्याचा उपयोग झाला नाही, उलट तो एक पाट घेऊन गेला. या सगळ्यात मिस्त्री तेवढे शांत राहिले, काकूंचाच रक्तदाब वाढला. वाचाबाईला कळलं असतं तर ती दोघांनाही ओरडली असती.

शुक्रवारी दुपारी काकूंनी पटाशीला हात घातला.

ही पटाशी म्हणजे साधीसुधी नव्हे. मिस्त्री ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या म्हाताऱ्या सुतारानं ती त्यांना दिली होती. बोटभर रुंद पातं, धार अशी की कागद नुसता टेकवला तरी दोन तुकडे. मिस्त्रींशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही, असा सुतारखान्याचा कायदाच होता. डावखुऱ्यानं एकदा त्या पटाशीनं वाळलेला सरस खरवडला होता, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली होती आणि ती ऐकायला रस्त्यावरची माणसं थांबली होती.

मिस्त्री त्या वेळी पार्टिशनच्या मागे, कामाच्या टेबलाशी बसले होते. डाव्या हातानं एका फळीला पॉलिशपेपर घासत होते, वाचाबाईनंच सांगितलं होतं. काकूंनी व्हॉर्निशचा डबा त्यांच्यासमोर आणून आदळला. झाकण घट्ट बसलं होतं. मग त्यांनी खुंटीवरची पटाशी काढली.

डावखुऱ्याचा रंधा जागच्या जागी थांबला. "काकू," तो हळूच म्हणाला, "ती नको. ती... ती आहे."

"माहितीये मला कुठली आहे ती."

त्यांनी पटाशीचं टोक झाकणाखाली घातलं आणि सगळा भार देऊन उचकटलं. कट्कन आवाज झाला. झाकण निघालं, आणि पटाशीच्या धारेचा नखाएवढा टवका उडून भुशात पडला. डावखुऱ्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

मिस्त्री उठून उभे राहिले. काठी घेतलीच नाही. मान लाल झाली, कपाळावरची शीर तटतटून फुगली, डावी मूठ वळली. काकू एक पाऊल पुढे सरकल्या. आलं, आता आलं! मिस्त्रींचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सगळा जीव गोळा करून त्यांनी छाती भरून घेतली.

"काही," ते म्हणाले. "काही... हरकत नाही."

आणि तिथे काकूंचा बांध फुटला.

"आहे! हरकत आहे!" त्या ओरडल्या. "अरे, हरकत आहे ना रे! मी तुझी पटाशी मोडली! तुझी पटाशी! ओरड ना माझ्यावर! शिव्या दे, तो ठोकळा फेकून मार, काय वाटेल ते कर, पण हे असं दुकानात आल्यासारखं नको रे बोलूस माझ्याशी! दोन महिने झाले, रोज मला नाव विचारतोस! मी काय गिऱ्हाईक आहे का तुझं? ओळखतोस तरी का तू मला?"

 काकूंचा आवाज त्यांच्याच कानात वाजत राहिला आणि आपण काय बोललो ते त्यांना उशिरा कळलं. अरे. रे. तू. चौतीस वर्षांत कधी स्वप्नातही तोंडातून गेलं नव्हतं, आणि आता कारागिरासमोर! त्यांनी पदराचं टोक तोंडावर दाबलं. डावखुऱ्या उघड्या तोंडानं एकदा यांच्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होता.

मिस्त्रीही बघत होते. मान अजून लालच होती, पण मूठ सुटली होती. त्यांच्या तोंडाची उजवी बाजू अधू होती, ती जागची हलली नाही. डावी बाजू मात्र हळूहळू वर चढली. ते हसत होते की काय, ते काकूंना नीट दिसेना. डोळ्यांत पाणी होतं.

"सांग ना," त्या म्हणाल्या. आता ओरडायचं बळ राहिलं नव्हतं. "एकदाच सांग. मी कोण आहे?"

मिस्त्रींनी ओठ जुळवले. शब्द कुठूनतरी खालून ओढून काढावा लागत होता, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

"आ," ते म्हणाले. "आपण."

काकू मटकन स्टुलावर बसल्या. झालं. हे एवढं सगळं करून हातात काय पडलं, तर आपण! आपण कुठून आलात, त्यातलं आपण. दारात येणाऱ्या कुठल्याही परक्या माणसाला द्यायचं ते. म्हणजे उत्तर मिळालं होतं, आणि हेच आपल्याला आधीपासून माहीत होतं, असं त्यांना वाटलं. आयुष्यात इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"पुन्हा आपणच," त्या पुटपुटल्या. "गिऱ्हाईकच मी."

मिस्त्रींनी मान हलवली. जोरजोरात हलवली. डावी मूठ टेबलावर अशी आपटली की खिळ्यांची डबी उडून खाली पडली आणि खिळे चहूकडे पसरले. आता मात्र त्यांना राग आला होता, अस्सल, पार्टिशनच्या मागचा. टेबलाच्या कडेला धरून, अधू पाय भुशातून ओढत, ते दोन पावलं पुढे आले. डावं बोट त्यांनी काकूंकडे केलं. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. पुन्हा काकूंकडे. पुन्हा छातीवर.

"आ-पण," ते म्हणाले. कळत कसं नाही तुला, असा सगळा सूर. "आपण!"

काकू त्या बोटाकडे बघत राहिल्या. इकडे, तिकडे. ती, तो. आणि मग त्यांना समजलं. हे गिऱ्हाइकाचं आपण नव्हतंच. आपण जेवू या, त्यातलं हे आपण. आपण म्हातारे झालो, आपण लेकीकडे जाऊन येऊ, आपण दोघंच आता घरात, त्यातलं. मी कोण, असं त्यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर या माणसानं दहा वाक्यांच्या बाहेर जाऊन, एकेक अक्षर ओढून आणून दिलं होतं. तू कोण म्हणून वेगळं काय सांगू, आपण आहोत ना. तो त्यांना ओळखत होता. पहिल्या दिवसापासून ओळखत होता. नाव काय लिहू म्हणताना आणि चार दिवसांनी या म्हणतानाही ओळखत होता, आणि दोन महिने हेच सांगायला धडपडत होता.

डावखुऱ्याला एकाएकी बाहेर अतिशय महत्त्वाचं काम आठवलं. तो खिळे ओलांडत, पार्टिशनला खांदा आपटत पळाला.

काकूंना रडू आलं आणि हसू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यानं उचकी लागली. त्यांनी उठून मिस्त्रींना खुर्चीत बसवलं, त्यांच्या बाहीवरचा भुसा झटकला, झटकायला काही उरलं नाही तरी झटकत राहिल्या. मग त्यांना लाज वाटायला लागली.

"अहो, मघाशी रागाच्या भरात काहीबाही बोलले मी," त्या म्हणाल्या. "अरे-तुरे केलं. तेही त्याच्यासमोर. तुम्ही मनावर नका हं घेऊ. अहो, ऐकताय ना?"

मिस्त्रींनी त्यांचं मनगट धरलं.

"नको," ते म्हणाले.

"काय नको?"

बराच वेळ लागला. बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली, कुणीतरी कुणाला हाक मारली. काकूंनी मनगट सोडवून घेतलं नाही.

"अहो," मिस्त्री म्हणाले. "अहो... नको."

"मग काय म्हणू रे?" ती म्हणाली.

आणि तो हसला.